गूगल रीडरचं प्रकरण: वापर कमी झाला, पण कोणी केला?

१३ मार्च २०१३. तिकडे रोममध्ये पांढरा धूर निघून नवीन पोप ठरले आणि त्याच दिवशी, म्हणजे आपल्याकडे १४ तारीख उजाडत होती, गूगलने एक पोस्ट टाकली की आम्ही परत एकदा साफसफाई काढलीय. उर्स होल्त्स्ले या त्यांच्या मोठ्या अधिकाऱ्याच्या नावाने ती पोस्ट होती. यादीत ब्लॅकबेरीवरचं गूगल व्हॉइसचं अ‍ॅप, स्नॅपसीडचं डेस्कटॉप व्हर्जन, बिल्डिंग मेकर अशी नावं होती, जी आपल्यातल्या किती जणांनी ऐकली असतील देव जाणे, आणि त्याच पंगतीत बसवलेला गूगल रीडर. १ जुलैपासून बंद. कारण दोन ओळींत उरकलेलं: वापर कमी झालाय, आणि कंपनी म्हणून आता मोजक्याच प्रॉडक्ट्सवर जोर लावायचाय.

मी ही बातमी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये वाचली, आणि वाचली कुठे तर रीडरमध्येच. एकामागोमाग एक सात-आठ ब्लॉग्जनी तेच लिहिलेलं, कीबोर्डवरचं 'जे' दाबत खाली जातोय तर पुढचा आयटम पण तोच. (जे म्हणजे पुढचा, के म्हणजे मागचा, ज्यांनी वापरलाय त्यांच्या बोटांना अजून आठवत असेल.)

इतक्या वर्षांनी हे का उकरतोय, तर मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि स्वतः दोन सिस्टिम बंद करण्याच्या कामात होतो. आणि 'वापर कमी झाला' हे वाक्य मीटिंगमध्ये किती सहज खपतं ते जवळून बघितलंय. रीडरचं प्रकरण त्या एका वाक्यासाठी बघण्यासारखं आहे.

आधी हे होतं काय

नवीन पोरांसाठी थोडक्यात. प्रत्येक ब्लॉगला, बातम्यांच्या साईटला एक फीड असायची, आरएसएस किंवा अ‍ॅटम, म्हणजे नवीन काय लिहिलं त्याची मशीनला कळेल अशी यादी. तुम्ही रीडरला सांगायचं की या शंभर साईट्सवर लक्ष ठेव, तो सगळीकडे फिरून नवीन लेख आणून एका जागी ठेवायचा, न वाचलेले ठळक अक्षरात. घरी पेपर टाकणारा पोरगा असतो ना, तसं. कोणता लेख आधी दाखवायचा, कोणता लपवायचा असलं काही डोकं तो आपणहून चालवायचा नाही.

सुरुवात ख्रिस वेदरेल या इंजिनिअरने केली, ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग सेवेच्या कामाच्या आजूबाजूला एक छोटा प्रोटोटाइप म्हणून. ७ ऑक्टोबर २००५ ला लोकांसाठी खुलं केलं आणि पहिल्याच दिवशी गर्दीने सर्व्हर आडवा. पहिलं डिझाईन लोकांना फारसं झेपलं नाही, २००६ च्या सप्टेंबरात नवीन आलं आणि तिथून गाडीने वेग धरला. गंमत म्हणजे सर्च कंपनीच्या या प्रॉडक्टमध्ये जवळजवळ दोन वर्षं सर्चच नव्हतं, ते २००७ मध्ये आलं. न वाचलेल्यांचा आकडा पण तोपर्यंत शंभरच्या पुढे मोजायचा नाही, नुसतं १००+ दाखवायचा, नंतर तो १०००+ झाला आणि आमची लाज दहापट वाढली.

मराठी ब्लॉगवाल्यांसाठी हे फार सोयीचं होतं, कारण तेव्हा मराठी लिहिणारे विखुरलेले. कोणी ब्लॉगस्पॉटवर, कोणी वर्डप्रेसवर, कोणी बरहाने टाईप करतोय कोणी गमभनने, आणि लिहायचे कधी तर मनात येईल तेव्हा, दोन महिने चिडीचूप आणि मग एका रात्री तीन पोस्ट. असल्या लोकांच्या दारावर रोज जाऊन कोण बघणार? रीडर बघायचा. दोन वर्षं बंद पडलेल्या ब्लॉगवर अचानक काही आलं तरी सकाळी ते नाव ठळक झालेलं दिसायचं, आणि तो आनंद फेसबुकवर मला कधी मिळाला नाही.

लिहिणाऱ्यालाही त्यातून काहीतरी मिळायचं. गूगलचा फीड आणणारा प्रोग्राम तुमच्या सर्व्हरवर यायचा तेव्हा लॉगमध्ये (कोण आलं-गेलं त्याच्या नोंदवहीत) स्वतःची ओळख लिहून जायचा आणि त्यातच लिहायचा की या फीडचे रीडरवर किती वाचक आहेत. माझ्या ब्लॉगच्या लॉगमध्ये कित्येक महिने 'चार सबस्क्रायबर्स' असं होतं, त्यातला एक मी स्वतः. एका दिवशी पाच झाले तर मी चहा पाजला होता ऑफिसमध्ये, कशाबद्दल ते कोणाला सांगितलं नाही.

गावातली बाकीची दुकानं

हा मुद्दा या प्रकरणात लोक विसरतात. रीडर यायच्या आधी आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात या धंद्यात बाकीचेही होते. ब्लॉगलाइन्स होतं, न्यूजगेटर होतं. पण गूगलने फुकट दिलं, वेगात दिलं, आणि फुकटाशी कोण भांडणार. न्यूजगेटरने २००९ मध्ये आपलं ऑनलाइन रीडर बंद केलं आणि आपल्या गिऱ्हाइकांना सांगितलं की गूगल रीडरवर जा. ब्लॉगलाइन्सच्या मालकांनी २०१० मध्ये गाशा गुंडाळायचं जाहीर केलं, मग ते दुसऱ्याच कोणाच्या हातात गेलं. मॅकवरचं, फोनवरचं रीडर अ‍ॅप बनवणाऱ्यांनी तर स्वतःचं सिंक करणंच सोडून दिलं, सगळे आतून गूगल रीडरलाच जोडलेले, आणि तेही कशाच्या जोरावर तर त्याच्या अधिकृत नसलेल्या एपीआयच्या (एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायचा दरवाजा). म्हणजे गूगलने कधी कागदावर कबूल न केलेल्या गोष्टीवर एक अख्खी बाजारपेठ उभी. भाड्याच्या जागेत, तेही करार न करता, वर तीन मजले चढवल्यासारखं.

तेव्हा त्यात कोणालाच वावगं वाटलं नाही, मलाही नाही. गूगल कुठे जातंय, असंच सगळे म्हणायचो.

३१ ऑक्टोबर २०११

माझ्या मते रीडर या दिवशी मेला, २०१३ मध्ये फक्त दाखला मिळाला.

झालं असं की रीडरमध्ये हळूहळू माणसं जमली होती. एखादा लेख आवडला की शेअर दाबायचं, वर स्वतःची एक ओळ लिहायची, आणि तुमच्या ओळखीतल्या लोकांच्या रीडरमध्ये तो लेख तुमच्या नावासकट जायचा. २००७ च्या डिसेंबरमध्ये यावरून एकदा बोंबाबोंब पण झाली होती, कारण गूगलने न विचारता तुमचे शेअर केलेले लेख जीटॉक या गूगलच्या चॅटच्या सगळ्या कॉन्टॅक्ट्सना दाखवायला सुरुवात केली, आणि त्या यादीत बॉसही असायचा. २००९ मध्ये कॉमेंट आल्या, लाइक आले, फॉलो आलं. लोक एकमेकांना लेखांवरून ओळखायला लागले.

आमचा एक कॉलेजचा मित्र तोवर न्यू जर्सीला गेलेला. फोन होळी-दिवाळीला. पण रीडरमध्ये तो रोज असायचा, कधी मराठी पदार्थांवरचा ब्लॉग, कधी डेटाबेसवरचा कंटाळवाणा लेख, वर एक ओळ, 'हे तुझ्या त्या प्रोजेक्टसारखंच वाटतंय, बघ', बस. आम्ही त्याला सोशल नेटवर्क वगैरे म्हणत नव्हतो, आमच्यासाठी तो रीडर होता.

इराणमध्ये तर याला टोपणनावच पडलं होतं, गूदर. तिकडे कितीतरी साईट्स सरकारने अडवलेल्या, पण रीडर गूगलच्याच पत्त्यावर सुरक्षित कनेक्शनवरून चालायचा, त्यामुळे तो अडवायचा तर गूगलच अडवावं लागलं असतं. म्हणून लोक अडवलेले ब्लॉग त्यातून वाचायचे, शेअर करायचे, खाली वाद घालायचे.

मग २०११ च्या जूनमध्ये गूगल प्लस आलं. फेसबुकची धास्ती घेतली होती कंपनीने, त्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या बोनसचा काही हिस्सा सोशलच्या यशाशी बांधला अशा बातम्या होत्या. आणि घरातलं जे जे सोशल ते सगळं प्लसच्या ताटात वाढायचं ठरलं. ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं आणि ३१ तारखेला रीडरमधून शेअर गेलं, कॉमेंट गेल्या, फॉलोअर्स गेले, मित्र गेले. जागी एक प्लस वनचं बटण. वॉशिंग्टनमध्ये गूगलच्या ऑफिसबाहेर थोडे लोक पाट्या घेऊन उभेही राहिले. रीडरचा आधीचा प्रॉडक्ट मॅनेजर ब्रायन शी याने नव्या डिझाईनची जाहीर सालटी काढली. इराणी वापरकर्त्यांनी विनवण्या केल्या. काहीही फरक पडला नाही.

आमचं काय झालं सांगतो. मित्र म्हणाला चल प्लसवर, गेलो, दोघांनी तीन-तीन लेख टाकले आणि तिथे इतका सन्नाटा की रिकाम्या मंगल कार्यालयात बोलल्यासारखं वाटायचं. महिन्याभरात बंद. मी रीडर वाचत राहिलो, पण आधी दिवसातून पाच-सहा वेळा उघडायचो (कोणी काय टाकलंय बघायला) ते सकाळी एकदा वर आलं. म्हणजे माझा वापर 'कमी' झाला. गूगलच्या आलेखात माझी रेघ खाली गेली असणार आणि ती अगदी खरी होती!

इथे माझ्याच नोकरीतलं एक सांगायला हवं. एका जुन्या कंपनीत आमच्या पोर्टलवर रिपोर्ट डाऊनलोडचं बटण पहिल्या पानावर होतं, नवीन डॅशबोर्ड पुढे करायचा म्हणून आम्ही ते मेनूच्या आत मेनूत नेऊन ठेवलं, आणि सहा महिन्यांनी मीच प्रेझेंटेशनमध्ये आलेख दाखवला की डाऊनलोड निम्म्यावर आलेत, हे फीचर काढूया. सगळ्यांनी माना डोलावल्या. बटण कोणत्या तारखेला हलवलं त्या जागी त्या आलेखावर बाण नव्हता, आणि आलेख बनवणारा मीच होतो. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

मग खरं कारण काय

सरळ एकच कारण नाही. ट्विटर-फेसबुकने लोक ओढून नेले हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. फीड म्हणजे काय हे सामान्य माणसाला शेवटपर्यंत समजावता आलं नाही, साईटवर फीडच्या खुणेचा तो नारंगी चौकोन कशाला असतो हे माझ्या घरातही कोणाला माहीत नव्हतं. पेपरवाल्या साईट्सनाही आपला लेख दुसऱ्याच्या पानावर जाहिरातीशिवाय वाचला जातोय हे आवडत नव्हतं, त्या फीडमध्ये दोन ओळी देऊन थांबायच्या. गूगलकडून नंतर जे सांगितलं गेलं त्याचा सूर साधारण असा की बातम्या वाचायची सवयच बदलली, लोक आता दिवसभर फोनवर तुकड्यातुकड्यात वाचतात.

पण आतली माणसं वेगळं सांगतात. ब्रायन शीने बंद होण्याच्या वेळी लिहिलं की रीडरच्या टीमला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उचलून सोशलच्या कामाला लावलं, आधी ओपनसोशल, मग बझ (गूगलचंच प्लसच्या आधीचं सोशल नेटवर्क), मग प्लस. दरवेळी रीडर मागे पडायचा. शेवटी शेवटी तर त्याला पूर्ण वेळ इंजिनिअर किंवा प्रॉडक्ट मॅनेजरही उरला नव्हता अशा बातम्या त्या महिन्यात आल्या, आणि त्यातच आणखी एक धागा होता: बझच्या प्रकरणात २०११ ला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी जी तडजोड झाली तिच्यामुळे वीस वर्षं प्रायव्हसीचे ऑडिट मागे लागले, म्हणजे प्रत्येक प्रॉडक्टला जबाबदार माणसं नेमून द्यावी लागणार. ज्याला माणूसच नाही त्याला ऑडिटला कोण उभं करणार? मला हे कारण सगळ्यात जास्त पटतं, कारण कंपन्यांमध्ये गोष्टी अशाच मरतात, ठरवून नाही, तर पुढच्या तिमाहीच्या शीटवर प्रॉडक्टच्या नावापुढे कोणाचं नाव घालायचं हे न सुचल्यामुळे.

आणि आकडा? टीममधल्या लोकांनी पुढे सांगितलं की भरात असताना रीडरचे वापरकर्ते तीन कोटींच्या वर होते. तीन कोटी! दुसऱ्या कुठल्या कंपनीने त्यावर पेढे वाटले असते. पण गूगलमध्ये जीमेल, यूट्यूब, सर्चच्या शेजारी तीन कोटी म्हणजे किरकोळ.

बंद कसं केलं

इथे मात्र गूगलला मार्क द्यायला लागतील. साडेतीन महिने आधी सांगितलं. टेकआऊट म्हणून जी सोय आहे त्यातून आपलं सगळं उतरवून घेता येत होतं, आणि सबस्क्रिप्शनची यादी ओपीएमएल फॉरमॅटमध्ये, म्हणजे कुठल्याही दुसऱ्या रीडरला वाचता येईल अशी. रीडर बंद झाल्यावरही १५ जुलैपर्यंत मुदत होती. यादी घ्यायची, दुसरीकडे टाकायची, पाच मिनिटांत संसार हलला. किती सेवा अशी दारं उघडी ठेवून जातात?

ऑनलाइन याचिकेवर लाखाच्या वर सह्या झाल्या, काही उपयोग झाला नाही. रीडर बंदची घोषणा होऊन आठवडा होतोय तोच गूगलने नोट्स ठेवायला कीप नावाची नवीन सेवा काढली, तर लोकांचा पहिला प्रश्न, ही किती दिवस 'कीप' करणार?

फीडली या दुसऱ्या रीडरकडे ४८ तासांत पाच लाख लोक धावले, दोन-तीन आठवड्यांत तीस लाख. त्यांनी आधीपासूनच रीडरच्या एपीआयची नक्कल बनवायला घेतली होती, त्यामुळे ते तरले. पण द ओल्ड रीडरचं जे झालं ते बघण्यासारखं आहे. २०११ ला शेअर गेल्यावर चिडलेल्या दोन-तीन जणांनी हौसेने जुन्या रीडरसारखं काहीतरी बनवलं होतं, शेअरसकट. सुखात चाललं होतं, वापरणारे दहा हजारांच्या घरात. मार्चनंतर ते चार लाखांच्या वर गेले. रात्रीची झोप गेली, डिस्क बंद पडल्या, आणि जुलै संपता संपता त्यांनी जाहीर केलं की बाबांनो झेपत नाही, सार्वजनिक साईट बंद करतोय, १३ मार्चच्या आधी आलेलेच फक्त राहतील. मग अमेरिकेतल्या एका नवीन टीमने ते हातात घेतलं म्हणून वाचलं. डिग, एओएल या कंपन्यांनीही त्या जूनमध्ये घाईघाईने आपापले रीडर आणले, आणि दोन्ही २०१८ मध्ये बंद.

गूगल प्लस, ज्याच्यासाठी रीडरमधली माणसं हलवली? ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलनेच सांगितलं की प्लसवरची ९० टक्के सेशन्स पाच सेकंदांपेक्षा कमी असतात. २ एप्रिल २०१९ ला तेही बंद.

यादीत न मावलेलं

ओपीएमएलमध्ये साईट्सचे पत्ते जातात. पण रीडरने दर फीडचे जुने लेख वर्षानुवर्षं साठवून ठेवलेले होते, मूळ ब्लॉग पुसला गेला तरी त्याची प्रत तिथे असायची. बंद पडणाऱ्या साईट्स जपून ठेवणाऱ्या आर्काइव्ह टीमच्या हौशी लोकांनी शेवटच्या आठवड्यांत त्यातलं जमेल तितकं उपसून काढलं. बाकीचं गेलं. लोकांनी शेअर करताना वर लिहिलेल्या ओळी ज्याने त्याने आपापल्या उतरवून घेतल्या असतील तरच उरल्या.

मी टेकआऊटमधून माझ्या सगळ्याची झिप फाईल उतरवून घेतली होती, पण त्यातली फक्त यादी फीडलीत टाकली आणि बाकीच्या फायली बघितल्याही नाहीत. चूक माझीच. लॅपटॉप बदलले, घर बदललं, मी धरून चाललो की गेलं ते. गेल्या वर्षी गणपतीत माळा साफ करताना एक जुनी हार्ड डिस्क सापडली, लावून बघितली तर चालू. आत ती झिप. यादीतल्या मराठी फीड्स एकेक करून तपासल्या, बहुतेकांच्या जागी 'सापडत नाही'.

पण सोबत दुसरी एक फाईल होती, मी ज्यांना फॉलो करायचो त्यांनी शेअर केलेल्या लेखांची. नोटपॅडमध्ये उघडली, नुसते कंस आणि अवतरण चिन्हं, तारखा म्हणजे लांबलचक आकडे, आणि मध्येच अख्खाच्या अख्खा लेख मराठीत. एका बाईंचा ब्लॉग होता, सांगलीकडच्या असाव्यात, आजीच्या उखळावर लिहिलेलं. ब्लॉग कधीच नाहीसा झालाय. लेखाच्या खाली न्यू जर्सीवाल्याची ओळ: 'हे उखळ तुमच्या गावच्या घरी मागच्या दाराशी होतं तेच ना रे.'

त्याचा फोटो काढून मी त्याला व्हॉट्सअ‍ॅप केला. तिकडे रात्र होती, सकाळी उत्तर आलं की त्या बाई अजून लिहितात का कुठे, लिंक पाठव.